उरलेलं हिरवं

डॉक्टरांनी आमच्या काड्या नावाच्या गिनीपिगला हात लावायच्या आधी माझ्याकडे खाद्याचं पाकीट मागितलं. जे खाऊ घालता ते सोबत घेऊन या, असं त्यांनी फोनवरच बजावलं होतं. त्यांनी मूठभर खाद्य स्टीलच्या ट्रेमध्ये ओतलं आणि तांदूळ निवडावेत तसं पेनाच्या टोकानं निवडायला घेतलं. सूर्यफुलाच्या बिया एका बाजूला. चपटे केलेले मक्याचे दाणे. सुकवलेल्या गाजराचे चौकोनी तुकडे. लाल-पिवळ्या कुरकुरीत चकत्या. शेवटी ट्रेच्या मधोमध उरल्या पाच-सहा मळकट हिरव्या कांड्या, भलत्याच पंगतीत येऊन बसल्यासारख्या.

"यातलं हा काय खातो?"

"बिया आधी. मग लाल-पिवळं."

"आणि हे हिरवं?"

"ते उरतं."

"उरलं की?"

"टाकून देतो आणि ताजं भरतो."

'ताजं भरतो' हे मी जरा कौतुकाची अपेक्षा ठेवूनच म्हटलं. दिवसातून दोनदा वाटी धुऊन पुसून भरणारा माणूस त्यांना रोज थोडाच भेटत असेल! त्यांनी एक हिरवी कांडी उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "या सगळ्यात याचं खाणं म्हणाल तर हे एवढंच. बाकीचा खाऊ आहे."

काड्या आणि ढब्बू हे आमच्याकडचे दोन गिनीपिग. सख्खे भाऊ. ढब्बूचं नाव त्याच्या अंगलटीवरून पडलं. नंतर कळलं की ढब्बू मिरची हा त्याचा जीव की प्राण आहे, त्यामुळे नाव दुहेरी शोभलं. काड्या आला तेव्हा हडकुळा होता, आणि भावाच्या तोंडातलं पान ओढून पळायची खोड त्याला पहिल्या दिवसापासून. काड्या करणाऱ्याचं नाव दुसरं काय ठेवणार? मुलीनं हट्टानं आणलेली ही जोडी महिन्याभरात माझ्या गळ्यात पडली, हे घरोघरी जसं होतं तसंच झालं. खाण्यापिण्याचं खातं माझ्याकडे आलं.

काड्याचं दुखणं हळूहळू आलं, म्हणून लक्षात यायला वेळ लागला. आधी त्याच्या उड्या थांबल्या. गिनीपिग खूश झाला की लाहीसारखा जागच्या जागी उडतो; पाळणारे त्याला पॉपकॉर्निंगच म्हणतात. ढब्बू उडायचा आणि हा कोपऱ्यात अंग फुगवून बसायचा. वाटलं, मोठा झाला, पोक्तपणा आला. मग केस राठ दिसायला लागले. मग एके दिवशी मुलीनं त्याला उचललं तेव्हा तो किंचाळला. खाली ठेवल्यावर मागचे पाय आखडून, एक-एक पाऊल मोजून चालला. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून पाहिलं तर ८५५ ग्रॅम. दोन महिन्यांपूर्वी सहज म्हणून केलेली नोंद होती, ९४० ग्रॅम. एवढ्याशा जिवाच्या अंगावरून ८५ ग्रॅम उतरतात म्हणजे काय, याचा हिशेब मी माझ्या वजनाशी करून पाहिला आणि फोन उचलला.

डॉक्टरांनी त्याचे गुडघे चाचपले, ओठ वर करून हिरड्या बघितल्या, गालात दुर्बिणीसारखी नळी घालून दाढा पाहिल्या. मग म्हणाल्या, "स्कर्व्ही." शाळेच्या पुस्तकातला शब्द. क जीवनसत्त्वाअभावी होणारा रोग, हिरड्यांतून रक्त येणारे खलाशी, परीक्षेत दोन गुणांना. तो आपल्या बैठकीच्या खोलीत, मऊ अंथरुणावर, दिवसातून दोनदा भरल्या जाणाऱ्या वाटीशेजारी होतो, हे मला खरंच वाटेना.

बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात. कुत्रा, मांजर, ससा, उंदीर सगळे बनवतात. ते बनवण्याच्या साखळीतलं शेवटचं विकर (एन्झाइम), एल-ग्युलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज, गिनीपिगच्या शरीरात तयार होत नाही. आपल्याही नाही. माकडांच्या बऱ्याच जातींत नाही, काही वटवाघळांत नाही. म्हणजे या बाबतीत काड्या मांजरापेक्षा मला जवळचा. पण ससा आणि गिनीपिग शेजारी-शेजारी हसताना छापलेली, 'दोघांसाठी एकच' अशी पाकिटं सर्रास मिळतात. त्यातल्या सशाला क जीवनसत्त्वाची गरज नाही आणि गिनीपिगचं त्याच्याशिवाय चालत नाही. ते चित्र पाहिलं की मला आता पाकीट उलटं ठेवावंसं वाटतं.

आणि हे जगाला कळलं तेही गिनीपिगमुळेच. १९०७ साली नॉर्वेमध्ये, आज ज्याला ऑस्लो म्हणतात त्या शहरात, अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक हे दोघे जहाजांवरच्या खलाशांना होणाऱ्या बेरीबेरीचा अभ्यास करत होते. त्यासाठी त्यांनी गिनीपिग घेतले आणि त्यांना नुसतं धान्य नि पाव असं कोरडं खाणं दिलं. बेरीबेरी काही झाला नाही. झाला तो स्कर्व्ही, माणसाला होतो तसाच. ताजा कोबी किंवा लिंबाचा रस दिला की जनावरं सुधारत. दुसरा एखादा प्राणी निवडला असता तर त्यांच्या हाती कदाचित काहीच लागलं नसतं. उंदरानं धान्य खाऊन आपलं जीवनसत्त्व मुकाट्यानं आतल्या आत बनवलं असतं. 'आमचा गिनीपिग करू नका' असं आपण येता-जाता म्हणतो. त्या म्हणण्यामागे ज्या प्रयोगांचा इतिहास आहे, त्यांतला बहुधा सर्वांत उपयोगी प्रयोग हा.

या गोष्टीला पुढे मिरचीची फोडणी आहे. हंगेरीतल्या सेगेदमध्ये आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी १९३२च्या सुमारास दाखवून दिलं की आपण शोधलेलं आम्ल म्हणजेच क जीवनसत्त्व. ती चाचणी अर्थातच गिनीपिगवर. पण अभ्यासाला पुरेल इतकं आम्ल मिळेना. ते स्वतः गंमतीनं सांगत, की एका रात्री बायकोनं जेवणात ताजी पाप्रिका मिरची वाढली, ती खायची इच्छा नव्हती, म्हणून सुटका करून घ्यायला ती प्रयोगशाळेत नेली. तिच्यात घबाड सापडलं. पुढे किलोंनी आम्ल निघालं आणि १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं. ती पाप्रिका आणि आपली ढब्बू मिरची या एकाच जातीच्या वनस्पती. माझ्या घरात त्याच मिरचीचे तुकडे रोज पिंजऱ्यात पडत होते आणि तरी एकाला स्कर्व्ही झाला, कारण दोघांत मिळून टाकलेली मिरची सगळी ढब्बू खात होता. काड्याला ती आवडत नाही. ढब्बू काहीही खातो, मिरचीही आणि भावानं टाकलेलं थोडंफार हिरवंही. म्हणून तो ठणठणीत राहिला आणि मी समजत होतो की दोघांचं चांगलं चाललंय.

तर १९०७ सालचा तो प्रयोग मी घरी बसून, नकळत, पुन्हा करत होतो. दाणे, बिया, पिठाच्या चकत्या. फरक इतकाच की माझं धान्य रंगीत होतं. दुकानात शेजारी एकरंगी, कंटाळवाण्या, गवताच्या वासाच्या कांड्यांचं पाकीटही होतं. मला तेव्हा त्याची दया आली होती. रोज-रोज हेच खायचं, बिचाऱ्यांनी? आपल्याला पानात चार पदार्थ लागतात, तर त्यांनाही लागत असतील. मी दुकानात निवडलं आणि काड्यानं वाटीत निवडलं. मी रंगाला भुललो, तो तेलाला आणि गोडाला. पाकिटामागच्या तक्त्यात क जीवनसत्त्व अगदी व्यवस्थित छापलेलं होतं. ते होतं त्या हिरव्या कांड्यांत, आणि त्या कांड्या मी रोज कचऱ्यात नेऊन टाकत होतो. एकरंगी कांडीचा खरा उपयोग माझ्या ध्यानात आला तो तिथं, त्या ट्रेसमोर. प्रत्येक कांडी सारखीच असते, म्हणून तिच्यातून काही निवडून बाजूला काढता येत नाही.

मी लगेच वही काढून चांगल्या पेलेटचं, म्हणजे अशा एकरंगी कांड्यांचं, नाव विचारलं. डॉक्टर म्हणाल्या, "पेलेटचं नंतर बघू. गवत किती देता?"

गवत मी देत होतो. सजावटीला कोथिंबीर भुरभुरावी, तेवढं.

गिनीपिगला २० दात असतात आणि वीसच्या वीस जन्मभर वाढत राहतात. फक्त पुढचे नव्हे, दाढासुद्धा. ते झिजतात ते गवत चावून. गवताच्या पात्यात बारीक सिलिका असते आणि ते लांबट, चिवट पातं दाढा आडव्या घासत-घासत दळावं लागतं. कांडी दोन चाव्यांत भुगा होते, दाढेला घासकाम मिळत नाही. मग खालच्या दाढा आत झुकत-झुकत जिभेवर कमान धरतात आणि समोर अन्न असून जनावराला गिळता येत नाही. पोटाचंही तसंच. मोठ्या आतड्याच्या तोंडाशी उंडुक नावाची भली मोठी थैली असते, तिच्यात जिवाणू तंतू आंबवत बसलेले असतात, आणि हे भट्टीसारखं काम बंद पडून चालत नाही. गिनीपिगनं अर्धा दिवस खाणं सोडलं तर उद्या बघू म्हणायची सोय नाही. त्याला उलटी करता येत नाही, आत गेलेलं पुढेच सरकलं पाहिजे, आणि ते सरकवतो गवताचा तंतू. त्या भट्टीतून निघालेल्या मऊ गोळ्या तो मान खाली घालून थेट उगमापाशीच खातो. त्यात जिवाणूंनी बनवलेली ब गटातली जीवनसत्त्वं असतात. पाहुणे हे पाहतात आणि चहाचा कप खाली ठेवतात. मी आता स्पष्टीकरण देणं सोडलंय.

तेव्हा पोटात जाणाऱ्या एकूण खाण्यापैकी चार-पंचमांश किंवा त्याहून जास्त वाळलं गवत. मोजून नाही, अखंड. प्रत्येकाला रोज त्याच्या देहाएवढा ढीग. मोठ्यांसाठी टिमथी गवत किंवा तसंच दुसरं एखादं गवत, लसूणघास नव्हे. (लसूणघासाचा लसणीशी काही संबंध नाही. लसूण गिनीपिगला विषारी; लसूणघास म्हणजे अल्फाल्फा, तो चांगला, पण त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त. सहा महिन्यांच्या आतली पिल्लं, गाभण आणि पाजणाऱ्या माद्या यांना तो चालतो.) गिनीपिगच्या आतड्यात कॅल्शियम सढळ हातानं शोषलं जातं आणि जास्तीचं लघवीवाटे बाहेर पडतं. लघवी वाळली की थोडा पांढुरका डाग राहतो, तो नेहमीचाच. त्यावर बोट फिरवून वाळूसारखं कचकचलं तर मात्र डॉक्टरांकडे जायचं. मूतखडा व्हायला कॅल्शियमखेरीज इतरही कारणं असतात, पण वाढलेल्या नराला रोज लसूणघासाच्या कांड्या घालून त्यात भर कशाला टाका?

पेलेटकडे आम्ही आलो तेव्हा माझ्या वहीत जागा भरपूर होती आणि लिहायला फार नव्हतं. मोठ्या गिनीपिगला दिवसाला सपाट चमचाभर, जेवणाचा मोठा चमचा. वजनात धरलं तर १० ग्रॅमच्या आसपास. बस. ज्या पाकिटावर मी इतका विचार केला, रंग पाहिले, ते पानातलं लोणचं निघालं.

लोणचंही चांगलं हवं, ते खरं. आता मी पाकीट घेतो ते आधी उलटं करून. घटकांच्या यादीत पहिलं नाव गवताचं हवं. मका, गहू, गूळ-काकवी पहिल्या चारात दिसली की परत फळीवर. बिया, सुकामेवा, रंग काही नको. तंतू जितके जास्त तितके बरे, निदान अठरा-वीस टक्के. कॅल्शियम अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या घरात. गिनीपिगसाठीच, असं स्पष्ट लिहिलेलं हवं, आणि क जीवनसत्त्व मिसळल्याचा आकडा हवा.

पण त्या आकड्यापेक्षाही मी तारीख बघतो. क जीवनसत्त्व हे फार नाजूक प्रकरण आहे. ऊन, ओल, उष्णता, नुसती हवासुद्धा त्याला संपवायला पुरते. साध्या रूपात मिसळलेलं असेल तर कांड्या बनल्यापासून तीनेक महिन्यांत निम्मं उडून जातं. स्थिर केलेलं रूप वापरलं असेल तर जास्त तग धरतं. मी स्वस्त पडतं म्हणून सर्वांत मोठं पोतं आणायचो आणि ते पारदर्शक बरणीत भरून खिडकीत ठेवायचो. दिसायला छान दिसायचं. म्हणजे काड्यानं समजा ते हिरवं खाल्लं असतं, तरी त्यात किती काय उरलं होतं कोण जाणे. आता लहान पाकीट, बनल्याची तारीख अलीकडची, तोंड घट्ट बांधून अंधाऱ्या थंड कपाटात. तळाशी भुगा साठला असेल तर तो त्यांना देत नाही, नाकात जातो.

पाण्यात थेंब टाकायचा उपायही करून झाला होता. बाटलीतलं ते जीवनसत्त्व उजेडात काही तासांत उतरायला लागतं, आणि पाण्याची चव बदलली की ही मंडळी पाणीच कमी पितात. म्हणजे औषधही पोटात नाही आणि पाणीही नाही. डॉक्टरांनी सुईविना पिचकारीतून थेट तोंडात द्यायला सांगितलं, साधं क जीवनसत्त्व. बहुजीवनसत्त्वी टॉनिक नको, कारण त्यातलं अ आणि ड जास्त झालं तर नवं दुखणं. निरोगी मोठ्या गिनीपिगला दिवसाला किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम पुरतं. आजाऱ्याचं प्रमाण डॉक्टर ठरवतात. टॉवेलात गुंडाळलेला काड्या, बाजूच्या दातांमागून आत सरकवलेली पिचकारी, आणि प्रत्येक थेंबागणिक माझ्याकडे पाहणारे ते काळेभोर डोळे. चौथ्या दिवशी त्याला चव आवडायला लागली आणि तो पिचकारी चावायला लागला. आठवड्याभरात पाय मोकळे झाले.

इथवर सगळं सुरळीत वाचून वाटेल की धडा मिळाला आणि माणूस सुधारला. तर सुधारलेल्या माणसानं पुढच्या सोमवारी जुनं खाद्य एका फटक्यात बंद केलं आणि नव्या, शास्त्रशुद्ध, एकरंगी कांड्यांनी वाटी भरली. दोघांनी हुंगली आणि पाठ फिरवली. दुपारी तशीच. रात्री तशीच. ढब्बूनंसुद्धा! गिनीपिग लहानपणी जे ओळखतात तेच त्यांना अन्न वाटतं. पिल्लं जन्मतात तीच डोळे उघडे, अंगावर केस, तोंडात दात घेऊन, आणि दोनेक दिवसांत आईच्या ताटातलं कुरतडायला लागतात. तेव्हा जे ताटात होतं ते अन्न, बाकी सगळं संशयास्पद. कांडीची लांबी-जाडी बदलली तरी नाक मुरडतात. नशिबानं तेव्हा समोर गवताचा ढीग होता, त्यावर दोघांनी दिवस काढला. मग मी शहाण्यासारखं जुन्यातल्या हिरव्या कांड्या वेचून काढल्या, त्यात नवीन चिमूटभर, दुसऱ्या दिवशी दोन चिमटी, असं करत पंधरा दिवस घेतले. रोज संध्याकाळी मी हिरवं वेचत बसलेला आणि बाजूला लाल-पिवळ्याचा ढीग. बायको म्हणाली, "तांदूळ कधी निवडले नाहीत आयुष्यात."

भाजी आता दोन वेगवेगळ्या ताटल्यांत जाते, दोघांत मिळून नाही. प्रत्येकाला दिवसभरात कपभर, बहुतेक पालेभाजी. ढब्बू मिरचीच्या १०० ग्रॅममध्ये ८० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, लाल झाली की आणखी जास्त, म्हणजे पंचवीस ग्रॅमची फोड एका गिनीपिगचा दिवस काढते. गाजर आणि फळं गोड, म्हणून कधीतरीच. पालकात कॅल्शियम आणि ऑक्झॅलेट, म्हणून तोही रोज नाही. कांदा, लसूण, बटाटा, अव्होकाडो कधीच नाही. काड्या मिरचीला अजून तोंड लावत नाही. त्याला कोथिंबिरीचे देठ लागतात. आधी देठ, मग पानं. ढब्बू आपलं संपवून भावाच्या ताटलीकडे सरकतो, म्हणून दहा मिनिटं मी दोघांच्या मध्ये हात आडवा धरून बसतो. हातावरून चढून जायचा त्याचा प्रयत्न रोजचा.

कांड्यांचा चमचा रात्री. डबा उघडल्याचा आवाज त्यांना तीन खोल्यांपलीकडून कळतो आणि 'वीऽक वीऽक' असा गिलका सुरू होतो. चमचाभर कांड्यांचा फडशा दोन मिनिटांत, मग तक्रारीचा सूर, आणि कोणी ऐकत नाही असं पाहून पुन्हा गवतात डोकं. रात्री उशिरा घर शांत झाल्यावर दोघं दळत असल्याचा आवाज येत राहतो.

दर रविवारी सकाळी वजन. मुलगी आकडे लिहिते, मी उचलून ठेवतो. या रविवारी काड्या ९७५, ढब्बू ११४०. ढब्बूनं काट्यावर असतानाच तीन लेंड्या टाकल्या. त्या धरून ११४० की सोडून, यावर घरात अजून वाद चालू आहे.